ताईचं गाणं आणि माझी फायर डोअरं

दारांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. गाण्यात मी कच्चा, हिशेबात कच्चा, बायकोच्या मते भाजी निवडण्यात तर ठार कच्चा. पण आमच्या सभागृहाची दारं म्हणजे माझा प्रांत. दीड हजार माणसं एका वेळी बसतात एवढं मोठं ते सभागृह आणि त्याच्या देखभालीचा मी प्रमुख. जुनी दारं काढून सगळीकडे फायर डोअर बसवायचं ठरलं तेव्हा कोणती घ्यायची, कशी बसवायची आणि पुढे त्यांची निगा कोणी राखायची, हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. मीही गळा पुढे करूनच उभा होतो म्हणा.

आमच्या मॅनेजरना काचेची दारं हवी होती, लांबलचक पितळी मुठींची. आत शिरताना माणसाला आपण कुठेतरी आलोय असं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, लोक आत कसे येतात ते तुम्ही बघा, बाहेर कसे पडतात ते मला बघू द्या. बरेच दिवस आमची जुंपली होती. शेवटी मी त्यांना कारखान्यात घेऊन गेलो. तिथे नमुन्याचं दार भट्टीला लावून तासभर जाळतात. पलीकडे भट्टी धडधडत होती आणि अलीकडे मॅनेजर खुर्ची टाकून बसले होते. तासानंतर त्यांना दाराजवळ नेलं, तर एवढ्या आगीला टेकलेलं ते दार अलीकडून चहाच्या किटलीपेक्षा जास्त तापलं नव्हतं. परत येताना गाडीत ते पितळी मुठींबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तर अशी दारं. कडेने एक पट्टी, धूर आत येऊ नये म्हणून. त्या पट्टीमुळे आवाजही येत नाही. वर क्लोजर, म्हणजे हात सोडला की दार आपलं आपण लागणार. बाहेर पडायच्या दारांना आतून आडवा दांडा. तो ढकलला की दार सताड उघडं. बाहेरून मूठच नाही. घाबरलेल्या माणसाला मूठ शोधावी लागू नये आणि फुकट्याला ती सापडू नये, असं मी उद्घाटनाच्या दिवशी भाषणात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. पलीकडे बँड वाजला तरी अलीकडे कळणार नाही, असंही म्हणालो होतो. त्यालाही पडल्या.

मला राग एकाच गोष्टीचा, दाराला लावलेल्या अडणीचा. वारा यायला हवा, सामान न्यायचंय, सारखं सारखं कोण ढकलणार, म्हणून लोक दाराखाली वाटेल ते सरकवतात. वीट, खुर्ची, स्पीकरचा खोका. एकदा तर आग विझवायचा लाल सिलिंडरच लावून ठेवलेला. उघडं राहिलेलं फायर डोअर म्हणजे नुसतीच महागडी फळी. अडण दिसली की माझे हात शिवशिवतात. बायको म्हणते, दुसऱ्याच्या लग्नात गेलास तरी आधी दारांच्या पायाशी बघतोस, मग नवरानवरीकडे.

आता ताईबद्दल सांगतो.

ताई माझी थोरली बहीण. ती गाते. म्हणजे लोक तिकीट काढून ऐकतात, अशी गाते. आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये एक प्लायचं दार होतं. एका खोलीत सुस्कारा टाकला तर दुसऱ्या खोलीत पडदा हलायचा. ताई पलीकडे रियाज करायची, मी अलीकडे अभ्यास. मला तेराचा पाढा अजूनही सुरातच येतो. सरळ म्हणायला गेलो तर तेर सक्क्यापाशी अडतो. मग ती गाणं शिकायला बाईंकडे राहायला गेली आणि पलीकडची खोली गप्प झाली. तेव्हापासून ती परगावचीच. येते, पण धावतपळत. घरी आली की घसा जपायचा म्हणून बोलतेही हळू. आणि तिचे कार्यक्रम असतात संध्याकाळी, माझी नोकरीही संध्याकाळीच. ती एका गावात गात असते तेव्हा मी दुसऱ्या गावात दारं बघत असतो. तिची रेकॉर्डिंगं माझ्याकडे आहेत. पण रेकॉर्डिंगमधली ताई सगळ्यांची असते. ती मधेच पाणी पीत नाही, खाकरत नाही, आपल्याकडे बघत नाही.

आणि एक दिवस मॅनेजरनी सांगितलं, आमच्याच सभागृहात ताईचं गाणं ठरलंय!

मी सगळ्या गावाला सांगून टाकलं की त्या दिवशी मी ड्युटीवर नाही. तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेशेजारी, नवा रेशमी सदरा घालून बसणार आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत उठणार नाही. छत कोसळलं तरी खुर्चीत बसूनच कोसळताना बघेन, असं मी मॅनेजरना बजावलं. ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नक्की ना? मी खुर्चीकडे बघणार आहे हं."

त्या दिवशी सकाळी मी निळा डगला चढवून एकूण एक दार तपासलं. कार्यक्रमापुरता एक नवा रखवालदार ठेवला होता, त्याला पुढच्या दाराशी उभा करून कडक सूचना दिल्या. गाणं सुरू झालं की कोणालाही आत सोडायचं नाही. लोक वाटेल त्या थापा मारतील. मी मॅनेजरचा मेव्हणा, मी गाणाऱ्या बाईंचा भाऊ, मी इथलाच माणूस. ऐकायचं नाही. पास दाखवला तरच. रखवालदार चांगला ताडमाड होता आणि डोळे मिटून एकेक वाक्य पाठ करत होता. मला समाधान वाटलं.

संध्याकाळी बायकोबरोबर गेलो. मी फोन घेईन म्हणून तिने माझा फोन बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला. पासही तिथेच. सभागृह गच्च भरलं होतं. मी खुर्चीत बसलो. हात मांडीवर ठेवले. आणि सवयीने बाजूच्या दाराकडे बघितलं.

दार वीतभर उघडं होतं.

बाहेरच्या अंगाला कोणीतरी फुलझाडाची कुंडी लावून ठेवली होती. बायको म्हणाली, राहू दे. मी म्हणालो, हा गेलो आणि हा आलो. पडदा उघडायला अजून वेळ होता. मी दार ढकललं, बाहेर पाऊल टाकलं, वाकलो आणि दोन्ही हातांनी कुंडी उचलली.

माझ्या पाठीमागे दार लागलं. अगदी हळुवार, आवाज न करता. क्लोजर मी स्वतः बसवून घेतला होता.

कुंडी छातीशी धरून मी दाराकडे बघत राहिलो. दार माझ्याकडे बघत होतं. त्याला मूठ नव्हती.

मी ठोकलं. हाताला झिणझिण्या आल्या, पण आत कोणाला कळणार? पलीकडे बँड वाजला तरी. मग पळत वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो. रखवालदार उभा होता. मी म्हणालो, मला आत जायचंय. तो म्हणाला, पास. मी म्हणालो, पास बायकोच्या पर्समध्ये आहे, बायको आत आहे. तो अगदी शांतपणे म्हणाला, की असं सांगणारे येतील हे साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलंय.

"अहो, तो साहेब मीच."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रेशमी सदरा, घामाघूम चेहरा, हातात कुंडी. "साहेब निळ्या डगल्यात होते," तो म्हणाला. "आणि तुमच्यापेक्षा उंच होते."

मी म्हणालो, मी गाणाऱ्या बाईंचा भाऊ आहे. हे वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला कळलं की आता सगळं संपलं. त्याने डोळे मिटून मनातल्या मनात पाठ केलेल्या थापांतली आणखी एक मोजली. मॅनेजरना बोलवा म्हटलं, तर ते आत बसलेत आणि त्यांना उठवायचं नाही असंही साहेबांनीच सांगितलेलं. त्याने मला धक्का दिला नाही, आवाज चढवला नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला कायम करून घ्यायची शिफारस केली, पण ते नंतरचं.

आत गाणं सुरू झालं असणार. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी दारादारांना कान लावत इमारतीभोवती फिरू लागलो. एकेक दार लाखातलं! बसवताना मिस्त्रीच्या मागे लागून मी कडांच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा लावून घेतल्या होत्या. एका दाराशी काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं म्हणून हरखलो, तर तो एसीचा पंखा. मी इतकी वर्षं त्या दारांचं कौतुक करत आलो होतो. त्या संध्याकाळी त्यांतलं एक जरी वाईट निघतं तरी मी त्याच्या पाया पडलो असतो.

आणि एक निघालं.

रंगमंचाच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, सामान चढवायचं मोठं दार आहे. ट्रकवाल्यांनी पेट्या ओढून ओढून तिथली फरशी झिजवली आहे आणि त्यामुळे दाराखाली फट पडली आहे. फार नाही, बोट जाईल एवढी. मी मॅनेजरच्या मागे लागलो होतो की खाली पट्टी बसवू, ते म्हणत होते पुढच्या महिन्यात. मी कुंडी बाजूला ठेवली, गुडघ्यांवर बसलो, मग पालथा पडलो आणि कान फटीला लावला.

ताई गात होती.

आधी नुसता सूर आला, लांबून, तळघरातून यावा तसा. मग शब्द नाहीत, पण शब्दांचे आकार यायला लागले. मधे ती थांबली आणि खाकरली. ते खाकरणं मला स्पष्ट ऐकू आलं. मग पुन्हा तोच सूर उचलून ती वर घेऊन गेली आणि तिथे धरून उभी राहिली. मी पालथा होतो, फरशी गार होती, नाकासमोर तेलाचा डाग होता. पलीकडच्या खोलीत ताई होती. मला वाटलं, आता कोणी हाक मारू नये, कोणी जेवायला बोलावू नये.

तेवढ्यात ताईच्या गाडीचा ड्रायव्हर तिथे आला. कार्यक्रम संपला की ताईला थेट स्टेशनवर न्यायचं होतं, म्हणून तो गाडी मागे लावायला आला होता. त्याला काय दिसलं? एक माणूस जमिनीवर पडलाय, गाल फरशीला, डोळ्यांतून पाणी, हालचाल नाही, शेजारी कुंडी. त्याने लांबूनच विचारलं, काय झालं? मी त्याला गप्प बस म्हणून हात वर केला. त्याला वाटलं, मी मदत मागतोय. तो जवळ यायला लागला, तर मी दोन्ही हात जोरात हलवले. त्याला वाटलं, झटका आला. भला माणूस तो. त्याने इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर लाल डबी दिसली, संकटाच्या वेळी काच दाबा असं लिहिलेली. हे संकट नाही तर काय?

त्याने काच दाबली.

भोंगा सुरू झाला. आणि भोंग्यामागून, सभागृहातल्या प्रत्येक स्पीकरमधून, घनगंभीर आवाजात सूचना सुरू झाली, "रसिकहो, कृपया घाबरू नका. शांतपणे जवळच्या दाराने बाहेर पडा." हा आवाज माझा. बाहेरचा माणूस कशाला आणा, म्हणून मीच रेकॉर्ड करून दिला होता. म्हणजे ताई वरच्या सुरावर उभी असताना तिचा धाकटा भाऊ स्पीकरमधून मधेच बोलायला लागला.

मी उठायच्या आत दार उघडलं. दांडा आतून ढकलला गेला, दार बाहेर आलं आणि माझ्या कपाळावर बसलं. नियमाप्रमाणे रंगमंचावरचे लोक सगळ्यांत आधी याच दाराने बाहेर पडतात. सगळ्यांत पुढे ताई होती. खांद्यावर शाल, हातात पाण्याचा पेला, तसाच धरलेला. मी कपाळ धरून तिच्या पायाशी बसलो होतो.

तिने पेला ड्रायव्हरकडे दिला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. कपाळाचं टेंगूळ बघितलं, सदऱ्यावरचा तेलाचा डाग बघितला. ड्रायव्हर सांगत होता की या गृहस्थांना झटका आला होता आणि त्यानेच वाचवलं. तिने मला विचारलं, खरंच बरं वाटत नाहीये का. तसं काही नाही म्हणून मी मान हलवली. मग दाराखालच्या फटीकडे बोट दाखवलं. तिला समजलं. तिला नेहमीच समजतं.

"खुर्ची रिकामी होती," ती म्हणाली. "मला वाटलं, याही वेळी नाही आला. मग मधेच तुझा आवाज आला. गाणं तुटल्याचा राग यायच्या आधी मला वाटलं, आला एकदाचा."

मला काहीतरी बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं होतं. पण मी म्हणालो, "ताई, आधी दारापासून लांब हो. वाट मोकळी ठेवायची असते."

दीड हजार माणसं सगळ्या दारांनी बाहेर पडून समोरच्या मैदानात उभी राहिली. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. कोणाची चप्पलसुद्धा हरवली नाही. इतकी सुरेख सुटका मी जन्मात बघितली नव्हती, आणि तिचं कौतुक करणारं कोणी नव्हतं. मॅनेजर माझ्याकडे धावत आले. मुद्दाम आजच्या दिवशी सुटकेची तालीम घ्यायची काय गरज होती, हा त्यांचा प्रश्न. बायको त्यांच्या मागे. तिचा चेहरा बघून मी तिला काही विचारलं नाही. कुंडी उचलायला गेलेला नवरा भोंगा वाजवून परत आला, एवढंच तिला माहीत होतं.

आता नियम असा, की भोंगा कोणत्याही कारणाने वाजला तरी आतली प्रत्येक खोली, प्रत्येक जिना बघून झाल्याशिवाय एकालाही आत घ्यायचं नाही. आणि ते बघणार कोण? माझ्या जागी त्या दिवशी जो मदतनीस होता तो वरचा मजला बघायला गेला, खालचा माझ्याकडे आला. ताईच्या आगगाडीची वेळ होत आली होती. पुन्हा सगळे आत येऊन बसेपर्यंत ती निघाली असती.

मी आत गेलो. माझ्यामागे दार लागलं. सभागृहात सगळे दिवे लागलेले, खुर्च्यांवर शाली, पिशव्या, कोणाचा तरी चष्मा. मी रांगांमधून वाकून बघत गेलो, विंगेत बघितलं, मेकअपच्या खोल्या बघितल्या. भोंगा बंद केला. माझा आवाजही बंद केला. त्याचा मला वीट आला होता. सगळं शांत झालं. परत येऊन मी बाजूच्या दाराचा दांडा ढकलला, खालचा मजला बघून झाला म्हणून सांगायला.

बाहेर ताई गात होती.

पायऱ्यांवर उभी राहून, माइक नाही, काही नाही. लोक कंटाळून पांगू नयेत म्हणून तिने आपणहून सुरू केलं होतं. दीड हजार माणसं मैदानात उभी आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी उंबऱ्यात होतो. पाऊल बाहेर टाकलं असतं तर दार लागून मुठीशिवाय पुन्हा बाहेर अडकलो असतो, आणि मदतनीस वरून खाली येईपर्यंत मला आतच थांबणं भाग होतं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. क्लोजर मला मागून ढकलत होता. त्याचं काम तो चोख करत होता. मी टाचा रोवल्या.

मी कधी दाराला अडण लावली नव्हती. त्या संध्याकाळी स्वतःच अडण होऊन उभा राहिलो, आणि ताईने ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मधे तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग पाणी प्यायली.

मदतनीस खाली आला, मी बाहेर पळालो, तोवर ती गाडीत बसली होती. बायकोने पाण्याची बाटली देण्याच्या घाईत पर्समधला माझा फोन आणि पासही खिडकीतून तिच्याच हातात कोंबले होते आणि आता त्यांतलं कोणाचं काय हे दोघी निवडत बसल्या होत्या. माझा फोन मला मिळाला. ताईने विचारलं, "गाणं कसं झालं रे?"

मी खूप विचार केला. गाडी सुरू झाली होती.

"क्लोजर जरा सैल करायला हवा," मी म्हणालो.

ती खो खो हसली. घसा जपायचं विसरून, अगदी पूर्वीसारखी. मग काच वर गेली आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

पुढच्या आठवड्यात अग्निशमन दलाचे साहेब पाहणीला आले. आमची सुटका आणि आमची दारं त्यांना फार आवडली. खोट काढली ती एकच, सामानाच्या दाराखालची फट. मॅनेजर म्हणाले, आजच्या आज भरून घ्या. आता पुढच्या महिन्याचा प्रश्नच नव्हता.

दुपारी मी पट्टी, स्क्रू आणि ड्रिल घेऊन शेडखाली गेलो. काम पाच मिनिटांचं. पट्टी लावण्याआधी मी इकडेतिकडे बघितलं, कोणी ड्रायव्हर नाही ना याची खात्री करून घेतली, आणि पालथा पडून फटीला कान लावला.

आत कोणीतरी माइक तपासत होतं. "हॅलो. हॅलो. चेक. एक, दोन, तीन, हॅलो."

मी थोडा वेळ तेही ऐकलं. मग उठलो आणि पट्टी लावून टाकली.